सहा तास आणि त्याहून अधिक

पत्र चार पानांचं होतं आणि त्यातलं कामाचं वाक्य दुसऱ्या पानाच्या मध्यावर होतं. जर्मन कार्यालयांची ही पद्धत मला आता पाठ आहे. पहिल्या पानावर नाव, जन्मतारीख आणि आदर, दुसऱ्यावर नकार, तिसऱ्यावर कायद्याची कलमं, आणि नकार मान्य नसेल तर एका महिन्याच्या आत कुठे कळवायचं तो पत्ता चौथ्यावर. मी पहिलं पान न वाचताच उलटलं.

"तुम्ही दिवसाला सहा तास आणि त्याहून अधिक काम करू शकता," मी मोठ्याने वाचलं.

नवरा ओट्याला टेकून उभा होता. त्या वर्षी तो बहुतेक वेळ उभाच असायचा, कारण बसलं की उठावं लागतं.

"बघ," तो म्हणाला, "मी फिट आहे. लेखी आलंय."

"तू त्या डॉक्टरला सांगितलंस तरी काय?"

"काही नाही. त्याने विचारलं त्याची उत्तरं दिली."

माझा नवरा दहा वर्षं भारतीय सैन्यात होता. बंदुका चालवणाऱ्या शाखेत नाही. बिघडलेल्या गाड्या दुरुस्त करणाऱ्या. डोंगरात एकदा दरडीवरून घसरलेला ट्रक ओढून काढताना ओढणारी गाडीही घसरली, आणि ती चालवत होता हा. कण्याच्या दोन मणक्यांना तेव्हाच मार बसला. त्यानंतर सैन्य सोडून तो वाहन उद्योगात शिरला, आणि पुण्यात दोन वर्षं काढून आम्ही इकडे जर्मनीत, र्युसेल्सहाइमला आलो. इथे त्याला काम मिळालं ते खराब रस्त्यांवर गाड्या चालवून पाहण्याच्या विभागात. कंपन्या त्यासाठी मुद्दाम खाचखळगे, दगड, उंचवटे असलेले रस्ते बांधतात. आपल्याकडे असे रस्ते कुणी मुद्दाम बांधत नाही, ते आपोआप होतात. पण इथे त्यांचे नकाशे असतात. गाडीत मोजमापाची यंत्रं लावून हा दिवस दिवस त्या रस्त्यांवरून जायचा आणि कुठला भाग आधी खिळखिळा होतो ते लिहून ठेवायचा. दुखावलेल्या कण्याच्या माणसाने जगातली एकच नोकरी टाळायला हवी होती. ती त्याने पंधराहून अधिक वर्षं मनापासून केली.

मग एका हिवाळ्यात डावा पाय बधिर व्हायला लागला. शस्त्रक्रिया झाली, पुनर्वसन केंद्रात पाच आठवडे झाले, दीड वर्षं आजारपणाची रजा झाली. काम होणार नाही हे कंपनीचे डॉक्टर, आमचे डॉक्टर आणि मी, अशा तिघांनाही मान्य झालं. मग आम्ही काम करण्याची क्षमता गेलेल्यांना मिळणाऱ्या पेन्शनसाठी अर्ज केला. पेन्शन कार्यालयाने आपल्या डॉक्टरकडून त्याची तपासणी करून घेतली, आणि त्यानंतर आलेलं हे उत्तर.

त्याला झेपेल ते काम कसं असावं, याचंही वर्णन पत्रात होतं. हलकं हवं, कधी बसून, कधी उभं राहून, कधी चालत. ओझं उचलायला नको, वाकायला नको, घाई नको, गार वारा नको. मी फ्रँकफर्टमध्ये सॉफ्टवेअरमध्ये काम करते आणि बऱ्याच प्रकारच्या नोकऱ्या जवळून पाहिल्या आहेत. या वर्णनात बसणारं एकच पद मला आठवलं: प्रमुख पाहुणा.

आम्ही तपासणीचा अहवाल मागवला. तो अकरा पानांचा होता आणि, मी कादंबऱ्या वाचणारी बाई आहे म्हणून सांगते, उत्तम लिहिलेला होता. "दहा मिनिटं आधी हजर. पेहराव नीटनेटका. चाल ताठ. दारातच उभ्याने, कुठलाही आधार न घेता, वाकून बुटांच्या नाड्या सोडल्या आणि बूट भिंतीशी जोडीने ठेवले. जातानाही तसेच घातले. वृत्ती प्रसन्न. त्रासाबद्दल विचारलं असता, 'चालतंय.'"

एकही शब्द खोटा नव्हता. डॉक्टरांनी जे पाहिलं ते लिहिलं होतं. पण जे पाहिलं ते माझ्या नवऱ्याने खास त्यांच्यासाठी सादर केलं होतं.

बुटांचं सांगते. जर्मनीत डॉक्टरच्या खोलीत बूट काढून कुणी जात नाही. पण त्यांचा दवाखाना एका जुन्या घराच्या तळमजल्यावर होता आणि खोलीत फिकट रंगाचा गालिचा होता. त्यावर बूट घालून पाऊल टाकणं ह्याला जमणार नव्हतं. ते आमच्यापैकी कुणालाच जमलं नसतं. त्यात समोर वयाने मोठा माणूस उभा. म्हणून हा दारातच वाकला. मी बाहेरच्या बाकावर होते आणि दार उघडं होतं. नवऱ्याने बूट कसे सरळ रेषेत लावले ते पाहून त्या क्षणी मला, लाज वाटते सांगायला, बरं वाटलं. शर्टाला इस्त्री मीच केली होती. "नीट जा, बावळटासारखा जाऊ नकोस," हेही मीच म्हणाले होते.

तपासणी संपल्यावर गाडीपर्यंत आलो आणि त्याला गाडीत बसता येईना. दवाखान्याच्या कोपऱ्यावरच्या बुटक्या भिंतीला धरून तो पंचवीस मिनिटं उभा राहिला, घामाने शर्ट ओला, तोंड भिंतीकडे. मी गोळी दिली, पाणी दिलं.

"खिडकीतून दिसतोय का आपण त्यांना?" त्याने विचारलं.

"नाही."

"मग ठीक आहे."

त्या पंचवीस मिनिटांचा अहवालात उल्लेख नाही.

हे पहिल्यांदा घडत होतं असंही नाही. सैन्य सोडताना शेवटची वैद्यकीय तपासणी होते. तिथे काही तक्रार आहे का असं विचारल्यावर हा कडक उभा राहून "नाही सर" म्हणाला होता आणि खाली सही केली होती. त्याला सर्वांत वरच्या श्रेणीचा शेरा घेऊन बाहेर पडायचं होतं. काही वर्षांनी पाठ बोलायला लागल्यावर त्याने अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनासाठी अर्ज केला. तो फेटाळला गेला. दुखणं सेवेमुळे उद्भवलेलं नाही आणि सेवेमुळे बळावलेलंही नाही, असं उत्तर आलं. सोबत त्याच्याच सहीची प्रत. दोन देश, दोन भाषा, दोन नकार, आणि दोन्हीकडे मुख्य साक्षीदार एकच.

एका महिन्यात हरकत नोंदवायची होती. इथे तिला विडरश्प्रुख म्हणतात आणि ती पेन्शनर लोक इतक्या सराईतपणे दाखल करतात की मला आधी तो एखादा व्यायामप्रकार वाटला होता. माझ्या ऑफिसातल्या एका सहकाऱ्याने एका सामाजिक संघटनेचा पत्ता दिला. अपंगांना आणि आजाऱ्यांना कायद्याचा सल्ला देणारी ही संघटना एका बेकरीच्या वर, तिसऱ्या मजल्यावर, बिनलिफ्टच्या इमारतीत होती.

सल्ला देणाऱ्या बाई साठीच्या पुढच्या, आखूड पांढऱ्या केसांच्या. आम्ही आत गेल्यावर त्यांनी जिन्याबद्दल माफी मागितली, खुर्च्या दाखवल्या आणि माझ्या नवऱ्याला म्हणाल्या,

"तुम्ही दुसऱ्या मजल्यावर बराच वेळ थांबलात."

"भिंतीवरची सूचना वाचत होतो."

"कचऱ्याच्या डब्यांची?"

"हो."

"चार मिनिटं?"

"नियम नीट समजून घेत होतो."

"गेनाऊ," बाई म्हणाल्या. म्हणजे अगदी बरोबर. "माझ्याकडे येणारे सगळेच ती सूचना फार लक्षपूर्वक वाचतात. कचऱ्याच्या बाबतीत इतके जागरूक लोक जर्मनीतही दुसरीकडे नसतील."

मग त्यांनी अकरा पानं वाचली. वाचून चष्मा काढला.

"तुम्ही परीक्षा फार सुंदर दिलीत," त्या म्हणाल्या. "दुर्दैवाने."

नवरा हसला नाही. "म्हणजे मी तिथे कण्हायला हवं होतं? लंगडायला हवं होतं? मला नाटकं करायची सवय नाही."

"सवय आहे हो. चांगली आहे. मी म्हणते आहे की नाटक बंद करा."

खालून ताज्या पावाचा वास येत होता. बाईंनी कागद घेतला आणि काय हवं ते सांगितलं: दोन आठवडे रोजचा दिवस जसा जातो तसा लिहून काढा. काय जमतं त्याची यादी नको. काय जमत नाही, किती वेळाने थांबावं लागतं, नंतर काय होतं. वाढवून नको, कमी करून तर अजिबात नको. हरकतीसोबत ते जोडायचं आणि नव्या तपासणीची मागणी करायची.

घरी आल्यावर त्याने वही काढली आणि पहिल्या पानावर तारीख लिहिली. आठवड्याने पाहिलं तर वहीत तारीखच होती.

"अरे, महिना कधी संपेल कळणार नाही," मी म्हणाले.

"काय लिहू? आज पाठ दुखली? उद्या पाठ दुखली? हे असलं रडगाणं सरकारी कार्यालयात पाठवायचं?"

"त्यांनीच मागितलंय."

"मागितलं म्हणून द्यायचं असतं असं नाही."

"तुझ्याबरोबरच्या लोकांनी डोंगरात शत्रूला तोंड दिलं. तुला एका वहीला तोंड देता येत नाही?"

"ते सोपं होतं," तो शांतपणे म्हणाला. "तिकडे कुणी 'तुम्हाला कसं वाटतंय' असं विचारत नव्हतं."

मी भांडण तिथेच सोडलं, कारण मुद्दा बरोबर होता. त्याच्या घरात दुखणं सांगायची रीत नव्हती. सासरे डोक्याला पट्टी असतानाही पाहुण्यांना "बरंय, बरंय" म्हणत. माझ्या माहेरीही वेगळं काही नव्हतं. आमच्याकडे आजारपण अंथरुणाला खिळल्यावरच जाहीर व्हायचं, तेसुद्धा शेजाऱ्यांकडून.

शनिवारी मुलगी विद्यापीठातून घरी आली. ती इथेच वाढली. आमचं सगळं मराठी तिला कळतं आणि ती सगळ्याची उत्तरं जर्मनमध्ये देते. जेवताना तिने वही पाहिली, आमचं भांडण ऐकून घेतलं आणि बापाला विचारलं,

"बाबा, गाडीच्या चाचणीत मागच्या चाकाकडून आवाज आला, तर तुम्ही अहवालात 'चालतंय' असं लिहायचात?"

"वेडी आहेस का? किती वेगाला आला, कुठल्या रस्त्यावर आला, किती किलोमीटरनंतर आला, सगळं लिहायचं."

"पण गाडी बिचारी रडगाणं गाते आहे असं नाही वाटायचं?"

"गाडीचा काय संबंध? दोष लपवला तर उद्या त्या गाडीत बसणारा मरेल. आवाज येतो तिथे येतो म्हणून लिहायचं. आवडो न आवडो."

मुलीने वरण वाढून घेतलं. नवरा घास हातात धरून बसला होता, आणि पंचवीस वर्षांच्या संसारात मला पहिल्यांदाच त्याचा चेहरा आतून कुणीतरी दिवा लावल्यासारखा, म्हणजे जरासा वैतागलेला, दिसला. पैज हरलेल्यांचा असतो तसा.

त्याच दुपारी त्याने वहीतलं तारखेचं पान फाडलं, पट्टी घेऊन रकाने आखले आणि वर लिहिलं: "सहनशक्ती चाचणी. नमुने: एक. आजवरचा वापर: दहा वर्षं डोंगराळ भागात, वीस वर्षं युरोपात. पूर्वीचा अपघात: एक. दुरुस्ती: अपूर्ण. चाचणीचा कालावधी: चौदा दिवस."

चौदा दिवस तो खिशात छोटी वही आणि मनगटावर घड्याळ घेऊन स्वतःच्या मागे फिरला. बसला की वेळ, उठला की वेळ. दुकानात पैसे द्यायच्या रांगेत उभा राहिला तर किती मिनिटांनी पाय बधिर झाला ते. नोंदी मराठीत आणि इंग्रजीत मिसळून. संध्याकाळी मी त्या संगणकावर घालायची आणि मुलगी आठवड्याच्या शेवटी येऊन त्यांचं जर्मन करायची.

तिसऱ्या दिवसाची नोंद टाइप करताना मी थांबले. ती इथे जशीच्या तशी देते.

"४.१०: उठायला सुरुवात. कुशीवर वळणं, थांबणं, पुन्हा वळणं. ४.३५: पलंगाच्या कडेला बसलेला. डावा पाय बधिर. ५.००: उभा, कपाटाच्या आधाराने. ५.२०: आधार सोडला. ५.४०: चहा ठेवला. ६.००: पत्नी उठते. निरीक्षण: या वेळेपर्यंत नमुना सामान्य दिसतो."

"हे रोज?" मी विचारलं.

"चौदा दिवसांची सरासरी काढणार आहे."

"मी ते विचारत नाहीये. किती वर्षं?"

"पाचेक झाली असतील."

पाच वर्षं मी लोकांना सांगत होते की सैन्यातली शिस्त बघा, पहाटे उठतो, मी उठायच्या आत चहा तयार. मैत्रिणी आपापल्या नवऱ्यांना टोमणे मारायच्या. मी हे सगळं त्याला बोलून दाखवलं.

"ते ऐकायला छान वाटायचं," तो म्हणाला. "त्यात खोटं काय आहे? चहा तयार असायचाच की."

मी त्याच्याशी भांडले नाही आणि डोळे पुसायलाही उठले नाही, कारण टाइप करायच्या अजून चार नोंदी होत्या आणि तो बाजूला उभा राहून स्वल्पविराम तपासत होता. पण एक सांगायचं तर, आजवर माझ्याबद्दल लिहिलेलं इतकं प्रेमाचं वाक्य मी वाचलेलं नाही. ते "निरीक्षण" या रकान्यात होतं.

मुलीने जर्मन करताना फक्त एक प्रश्न विचारला: "नमुना" हा शब्द ठेवायचा का? तिच्या मते अर्जदार असं लिहायला हवं. बापाने ठाम नकार दिला. नमुना म्हटलं म्हणूनच हे लिहिता आलं, असं तो म्हणाला. शब्द राहिला. हरकत वेळेत गेली, सोबत चौदा पानं आणि एक आलेख. आलेख कुणी मागितला नव्हता.

उत्तराची वाट पाहत असतानाच फ्रँकफर्टच्या आमच्या मंडळाचं झेंडावंदन आलं. परदेशातल्या देशभक्तीला भाड्याचा हॉल, मायक्रोफोन आणि एखादा माजी सैनिक एवढं लागतं, आणि यातली तिसरी गोष्ट दुर्मीळ असल्याने माझा नवरा दरवर्षी मंचावर असे. शाल, श्रीफळ, गुलाबाचं फूल. सूत्रसंचालक दरवर्षी त्याला बर्फाच्छादित शिखरांवर शत्रूशी झुंजायला पाठवायचा. हा दरवर्षी नंतर त्याला बाजूला घेऊन सांगायचा की मी गिअरबॉक्स बदलायचो. पुढच्या वर्षी शिखरं आणखी उंच व्हायची.

त्या दिवशी मंचावर जायच्या आधी तो सचिवाकडे गेला.

"मला वर एक खुर्ची लागेल. हात असलेली."

"सर, तुम्हाला खुर्ची?" सचिव हसला. तो तिशीतला, पुण्याहून नुकताच आलेला, उत्साही. "तुम्ही आमचे जवान!"

"राष्ट्रगीताला उभा राहीन. भाषणांना नाही. आधाराशिवाय दहा मिनिटांच्या वर मला उभं राहता येत नाही."

"अरे बापरे. काय झालं?"

"कणा गेलाय. काम सुटलं त्यामुळे. पेन्शनचा अर्ज नाकारलाय, भांडतोय."

एवढं सगळं त्याने चहाच्या टेबलापाशी, सात-आठ माणसांच्या कानांदेखत, गाडीचा मॉडेल नंबर सांगावा तशा आवाजात सांगितलं. मी कपात साखर घालत होते, ती घालतच राहिले. सचिवाने खुर्ची आणली. मंचावर चार मान्यवर उभे आणि मध्ये माझा नवरा बसलेला, त्यामुळे फोटोत तो संस्थानिकासारखा दिसतो. भाषणं पन्नास मिनिटं चालली. त्यातल्या एका वक्त्याने सैनिकांचे आपल्यावर किती उपकार आहेत हे तीनदा सांगितलं. खुर्ची मात्र त्याला स्वतःहून सुचली नसती.

दुसऱ्या तपासणीचं पत्र पानगळीत आलं. या वेळी डॉक्टर बाई होत्या, चाळिशीच्या, फ्रँकफर्टमध्ये. सोबत माणूस आणायला परवानगी होती म्हणून मी आत गेले. शर्ट त्याने साधा घातला. इस्त्री मी केली नाही, त्यानेही मागितली नाही. खोलीत लाकडी जमीन होती. हा उंबऱ्यापाशी क्षणभर थांबला, खाली पाहिलं, मग म्हणाला, "माझ्या देशात बूट काढून आत येतात. मला वाकून ते काढता येत नाहीत. माफ करा," आणि बुटांसह आत गेला. डॉक्टर बाईंना हे का सांगितलं जातंय ते कळलं नसावं. मला कळलं, आणि माझी मान जरा ताठ झाली.

त्यांच्यासमोर ती चौदा पानं होती. कडेला पेन्सिलीच्या खुणा.

"कसे आहात?" त्यांनी विचारलं.

इथे कुणीही हे विचारलं की माझा नवरा "छान, धन्यवाद" म्हणतो. शेजाऱ्याला म्हणतो, पोस्टमनला म्हणतो, भूल देणाऱ्या डॉक्टरलाही म्हणाला होता. या वेळी तो इतका वेळ गप्प राहिला की मीच उत्तर देऊन टाकते की काय असं मला वाटलं. मी ओठ मिटून घेतले.

"वाईट," तो म्हणाला.

मग पुढचं आपोआप आलं. सुरुवातीला तो पानांवरचे आकडे सांगत होता. मग आकडे सुटले. नातेवाइकांच्या लहान मुलाला उचलून घेता येत नाही म्हणून आपण मुलं न आवडणाऱ्या माणसासारखे वागतो, हे त्याने सांगितलं. ते पानांत नव्हतं. मलाही ते माहीत नव्हतं.

डॉक्टरांनी त्याला पुढे वाकायला सांगितलं. हात गुडघ्यांच्या जरा वर पोचले. मला त्याची पाठ ठाऊक आहे. आणखी वीतभर खाली जाऊन, दात दाबून, तो जमीन गाठू शकला असता. एकदा. त्याच्या खांद्यांनी तशी तयारीही केली.

"इथे थांबतो," तो म्हणाला.

"थांबा," बाई म्हणाल्या आणि लिहून घेतलं.

मी त्याला परेडमध्ये पाहिलंय, मंचावर शाल घेताना पाहिलंय, नवी गाडी चाचणीत पास झाली तेव्हा सगळा विभाग त्याच्यासाठी टाळ्या वाजवताना पाहिलंय. त्या खोलीत, अर्धवट वाकलेला, बनियनवर, तो "इथे थांबतो" म्हणाला तेव्हा वाटला तेवढा अभिमान मला त्यातल्या कशाचाच वाटलेला नाही. माझ्या स्वभावात हे बसत नाही, पण नोंद करून ठेवते.

निर्णय हिवाळ्यात आला. पुन्हा चार पानं, पुन्हा मी दुसऱ्या पानाचा मध्य गाठला. हरकत मान्य. काम करण्याची क्षमता पूर्णपणे गेलेली. पेन्शन मंजूर, तीन वर्षांसाठी, नंतर फेरतपासणी. कारणांमध्ये एक वाक्य होतं: अर्जदाराच्या स्वतःच्या नोंदी सुसंगत, पडताळता येण्याजोग्या आणि अतिशयोक्तीपासून मुक्त आहेत.

"परत वाच," तो म्हणाला.

मी वाचलं.

"अतिशयोक्तीपासून मुक्त," तो म्हणाला. "बघ."

दोन सैनिकी पदकं आमच्या कपाटात मोज्यांच्या खणात आहेत. या पानाची त्याने प्रत काढली आणि मुलीला पाठवली. तिचं उत्तर एका ओळीत आलं: व्याकरण माझं होतं.

त्यानंतरच्या रविवारी न्युरेम्बर्गहून एक जोडपं जेवायला आलं. तो पूर्वी ह्याच्याच विभागात होता, ह्याला अजून सर म्हणतो. जेवणं झाली, सोफ्यावर बसून गप्पा सुरू झाल्या. पाहुणे असले की हा शेवटपर्यंत बसून राहायचा आणि ते गेल्यावर दोन दिवस बोलायचा नाही. त्या दिवशी अर्ध्या तासाने तो म्हणाला,

"मी आता जमिनीवर आडवा होणार आहे. तुम्ही बसा."

आणि सोफ्याचा हात धरून, आधी एक गुडघा, मग दुसरा, तीन-चार मिनिटं घेऊन तो पाहुण्यांच्या पायांशी गालिच्यावर आडवा झाला. कुणी मदतीला पुढे होण्याइतकं घाईचं ते नव्हतं आणि दुर्लक्ष करण्याइतकं झटपटही नव्हतं. पाहुणे चहाचे कप धरून बघत राहिले.

"सर, आम्ही निघतो. तुम्ही आराम करा."

"निघता कशाला? झोपून ऐकू येतं. तू गाडीच्या आवाजाचं सांगत होतास."

पाहुण्याने बायकोकडे पाहिलं, मग कप टेबलावर ठेवला आणि सोफ्यावरून उतरून गालिच्यावर मांडी घातली. आवाज डाव्या मागच्या चाकाकडून येतो, म्हणाला, फक्त थंडीत, आणि गतिरोधकावरून जाताना.

मी कप गोळा करून स्वयंपाकघरात आले. पाहुणीण मागोमाग आली आणि हळू आवाजात विचारलं, "सरांना फार त्रास होतो का हो?"

"हो," मी म्हणाले. "फार."

तिने विसळायला कप घेतले. बाहेरच्या खोलीत आडव्या माणसाचा आवाज चढला होता: शॉकअब्सॉर्बर नाही रे, रबरी बुश गेलंय, कागद आण, दाखवतो.